ठिणगीविना आग पेटविणारा अभियंता

हिवाळ्यात नाशिक-निफाडकडे पहाटेचा पारा एक आकडी झाला, की डिझेलवर चालणाऱ्या मोटारीच्या मालकाला एक छोटा शिरस्ता पाळावा लागतो. किल्ली अर्धी फिरविली की डॅशबोर्डवर स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखे एक पिवळे चिन्ह उजळते. ते विझेपर्यंत काही क्षण थांबायचे आणि मगच सेल मारायचा. घाई केली तर इंजिन नुसतेच घरघरते, मागून पांढरा धूर सोडते आणि पुन्हा गप्प होते. त्या काही क्षणांत इंजिनाच्या पोटातील पेन्सिलीएवढ्या कांड्या लालभडक होत असतात. कंपनीच्या पुस्तिकेत त्यांना ग्लो प्लग म्हटलेले असते. गॅरेजमधील मिस्त्री त्यांना हीटर प्लग म्हणतो.

पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते आणि डिझेलच्या इंजिनाला लागत नाही, हे शाळेत शिकविले जाते. मग बिनठिणगीच्या इंजिनाला ही तापलेली कांडी कशाला हवी? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपण थेट त्या माणसापाशी पोचतो, ज्याचे नाव आज प्रत्येक पेट्रोल पंपावर लिहिलेले आहे आणि ज्याच्या आयुष्याविषयी मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. तो माणूस म्हणजे रुडॉल्फ डिझेल.

कारागिराचा मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. वडील थिओडोर हे मूळचे ऑग्सबर्गचे; पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू तयार करणे हा त्यांचा व्यवसाय. घरातच कारखाना आणि घरातलेच कामगार, अशी ती बेताची परिस्थिती होती. वडिलांच्या हाताखाली तयार झालेला माल गिऱ्हाइकांकडे पोचविण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडेही येई. उरलेल्या वेळात पॅरिसच्या तंत्रविषयक संग्रहालयातील जुनी यंत्रे न्याहाळणे हा त्याचा आवडता छंद होता.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधील जर्मनांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब होते नव्हते ते मागे टाकून लंडनला गेले. तेथे सर्वांचे पोट भरणे कठीण झाले, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच ऑग्सबर्गला काका-काकूंकडे पाठविण्यात आले. काका बार्निकेल तेथील औद्योगिक शाळेत गणित शिकवीत. परक्या घरी राहणाऱ्या या मुलाने अभ्यासालाच आपला आधार मानले आणि १८७३ मध्ये तो शाळेत पहिला आला. मुलाने लवकर कमावते व्हावे अशी आईवडिलांची इच्छा होती. पण शिष्यवृत्ती मिळवून त्याने १८७५ मध्ये म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात प्रवेश घेतला.

ऑग्सबर्गच्या शाळेत त्याने एक लहानसे उपकरण पाहिले होते, असे सांगितले जाते. काचेची नळी, तीत घट्ट बसणारा दट्ट्या आणि तळाशी कापसासारखा चटकन पेटणारा पदार्थ. दट्ट्या झटक्यात आत दाबला की हवा आकसते, तापते आणि तळाचा कापूस पेटतो. काडी नाही, चकमक नाही, ठिणगी नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, ते याच नियमाने. पुढे रुडॉल्फच्या हातून घडलेल्या इंजिनाचे बीज या नळीत होते.

बर्फाकडून आगीकडे

म्यूनिकमध्ये त्याला गुरू लाभले ते कार्ल लिंडे. कृत्रिम शीतकरणाचे तंत्र उभे करणारे हे प्राध्यापक उष्णतेचे शास्त्र शिकवीत. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास उष्णता कामी लावते आणि उरलेली वाया जाते, हे त्यांच्या व्याख्यानांतून रुडॉल्फच्या मनावर ठसले. ही उधळपट्टी थांबविता येईल का, हा प्रश्न त्याला तेव्हापासून छळू लागला. विषमज्वरामुळे अंतिम परीक्षा लांबणीवर पडली. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमधील सुल्झर कंपनीच्या कारखान्यात हातांनी काम करून घेतले. १८८० मध्ये तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

येथून पुढची दहा वर्षे डिझेल यांनी पॅरिसमध्ये लिंडे यांच्या शीतयंत्रांचा कारभार पाहिला. १८८१ मध्ये त्यांनी स्वच्छ बर्फ तयार करण्याचे एक पेटंटही मिळविले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. दिवसा बर्फाची यंत्रे आणि फावल्या वेळी इंजिनाचा ध्यास, असा त्यांचा दिनक्रम होता. अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालविण्याच्या खटपटीत त्यांची कित्येक वर्षे खर्ची पडली. ते साधले नाही. मात्र वायू दाबला की किती तापतो आणि पसरला की किती निवतो, याची जाण त्यांना या उद्योगातूनच आली.

यामागे आणखी एक सामाजिक विचार होता. त्या काळचे वाफेचे इंजिन प्रचंड आणि महागडे असे. ते मोठ्या भांडवलदारालाच परवडे. लहान कारागीर त्याच्यापुढे टिकत नसे. डिझेल यांनी आपल्या घरातच कारागिराची ओढाताण पाहिली होती. विणकर, सुतार, बांधणीकाम करणारा अशा छोट्या माणसाला आपल्या कार्यशाळेत बसविता येईल असे काटकसरी इंजिन द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांचे पुढचे आयुष्य या इच्छेच्या कसोटीवर पाहिले, तर त्यातील यश आणि शोकांतिका दोन्ही उमगतात.

ऑग्सबर्गची चार वर्षे

१८९० मध्ये डिझेल बर्लिनला आले आणि फेब्रुवारी १८९२ मध्ये त्यांनी आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी ते मंजूर झाले आणि त्याच साली त्यांचे सैद्धांतिक पुस्तकही प्रसिद्ध झाले. कल्पना अशी होती : सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच आत फवारलेले इंधन पेट घेईल. वेगळी ज्योत नको, ठिणगी नको. कागदावरील दाब मात्र कोणत्याही कारखान्याच्या आवाक्याबाहेरचा होता. अनेक तज्ज्ञांनी हे अशक्य ठरविले. डिझेल यांनी आपले आकडे खाली आणले आणि ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिश बुत्स यांनी प्रयोगाची जबाबदारी स्वीकारली. क्रुप या बड्या उद्योगानेही पैसा घातला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिले यंत्र कारखान्याच्या पट्ट्यावर फिरविण्यात आले. त्यात इंधन म्हणून पेट्रोल सोडताच मोठा स्फोट झाला आणि दाब मोजणारे उपकरण उडून गेले. डिझेल थोडक्यात बचावले. यंत्र स्वतःच्या बळावर एकदाही फिरले नव्हते. पण दाबलेल्या हवेने इंधन पेटते, एवढे मात्र सिद्ध झाले होते.

यंत्रात बदल करून पुन्हा प्रयोग सुरू झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी यंत्राला फिरविणारा पट्टा अचानक सैल पडला आणि दुसऱ्या बाजूने ताणला गेला. आता पट्टा यंत्राला फिरवीत नव्हता, यंत्रच पट्ट्याला ओढीत होते. जवळ उभ्या असलेल्या कारागिराच्या हे ध्यानात आले आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, असे सांगतात. त्या वेळी यंत्र मिनिटाला ८८ फेऱ्यांच्या गतीने सुमारे एक मिनिट चालले.

यानंतर आणखी तीन वर्षे लागली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी नव्या यंत्राची रीतसर चाचणी घेतली. सुमारे २० अश्वशक्तीच्या त्या इंजिनाने इंधनातील उष्णतेपैकी २६.२ टक्के भाग कामात उतरविला. वाफेच्या इंजिनाच्या तुलनेत ही झेप विलक्षण होती. उन्हाळ्यात कासेल येथे जर्मन अभियंत्यांच्या सभेत डिझेल यांनी हे निष्कर्ष मांडले आणि एकोणचाळिसाव्या वर्षी ते जगप्रसिद्ध झाले.

यंत्र मोठे, स्वप्न लहान

परवाने विकत घेण्यासाठी युरोप-अमेरिकेतील उद्योगपतींची रीघ लागली. अमेरिकेतील हक्क बिअर उद्योगातील अडॉल्फस बुश यांनी घेतले. डिझेल लक्षाधीश झाले. पण प्रयोगशाळेत चाललेले यंत्र गिऱ्हाइकाकडे चालेना. १८९८ मध्ये एक इंजिन केम्प्टेन येथील आगपेट्यांच्या कारखान्यात बसविण्यात आले. आगकाडीची गरज नसलेले हे इंजिन आगकाड्या तयार करणाऱ्यांच्या दारात उभे राहिले आणि तेथे वारंवार बंद पडले. तक्रारी, पेटंटवरून वाद आणि कामाचा ताण यांनी डिझेल यांची प्रकृती ढासळली. त्यांना काही महिने आरोग्यधामात राहावे लागले.

यंत्र मागाहून सुधारले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. १९०३ मध्ये रशियात 'वांदाल' हे तेलवाहू जहाज या इंजिनावर चालू लागले. १९१२ मध्ये 'सेलांडिया' हे डॅनिश जहाज धुराड्यातून वाफेचा लोट न सोडता कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत गेले.

तथापि या साऱ्या यशाचे स्वरूप अवाढव्य होते. वीजघर, पाणबुडी, जहाज, गिरणी अशा ठिकाणी डिझेलचे इंजिन रुजले. कारागिराच्या कार्यशाळेत ते शिरलेच नाही. इंधन आत फवारण्यासाठी जोरकस दाबाची हवा लागे आणि ती पुरविणारे कॉम्प्रेसर इंजिनाच्या अंगालाच जोडलेले असे. त्यामुळे वजन वाढे, किंमत वाढे. १९०८ च्या सुमारास डिझेल यांनी वाहनासाठी लहान इंजिन तयार करण्याचा प्रयत्नही केला. रस्त्यावर ते यशस्वी ठरले नाही. १९०३ मध्ये कामगार आणि लहान उत्पादकांच्या सहकारावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्याही मोजक्याच प्रती खपल्या.

थंडीचे गणित

इंजिन लहान करण्यात अडचण केवळ कॉम्प्रेसरची नव्हती. ती उष्णतेचीच होती आणि डिझेल यांच्या तत्त्वाच्या मुळाशीच होती.

दाबलेल्या हवेची उष्णता टिकली, तरच इंधन पेटणार. पण ही हवा धातूच्या भिंतींनी वेढलेली असते आणि थंड भिंत उष्णता शोषून घेते. सिलिंडरची लांबी-रुंदी निम्मी केली, की आतील हवा एक अष्टमांश होते. भिंतीचा पृष्ठभाग मात्र एक चतुर्थांशापर्यंतच उतरतो. म्हणजे तेवढ्याच हवेच्या वाट्याला दुप्पट भिंत येते. जहाजाच्या हंड्याएवढ्या सिलिंडरमध्ये हवा आपली ऊब राखते. पेल्याएवढ्या सिलिंडरमध्ये ती क्षणात निवते. मोठ्या भांड्यातील चहा बराच वेळ गरम राहतो आणि बशीतला लगेच गार होतो, तसेच हे आहे.

थंडीत सुरू होणाऱ्या मोटारीत या अडचणींची भरच पडते. चालत्या आणि तापलेल्या इंजिनात दाबाच्या अखेरीस हवेचे तापमान सातशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. पहाटेच्या इंजिनात मुळात हवा थंड, लोखंड थंड. वंगणाचे तेल घट्ट झालेले आणि बॅटरी गारठ्याने मंदावलेली. त्यामुळे स्टार्टर इंजिनाला सावकाश फिरवितो. सावकाश फिरणाऱ्या दट्ट्याच्या कडेने हवा निसटायला आणि भिंतीत उष्णता जिरायला अधिक वेळ मिळतो. डिझेल तेल साधारण अडीचशे अंशांच्या आसपास आपोआप पेटू शकते हे खरे; परंतु इंजिनात त्याला पेटण्यासाठी सेकंदाच्या काही हजारांश भागाइतकाच अवधी मिळतो. तेवढ्यात पेट घ्यायचा तर हवा त्याहून पुष्कळ गरम हवी. ती नसली की तेलाची नुसती वाफ होते आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडते.

या अडचणीवर एक जुना उपाय डिझेल यांच्या पेटंटआधीच अस्तित्वात होता. इंग्लंडमधील हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० मध्ये तप्त गोळ्याच्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. त्याच्या डोक्यावरील धातूचा पोकळ गोळा चालू करण्यापूर्वी दिव्याच्या ज्योतीने तापवावा लागे. एकदा इंजिन चालू लागले की गोळा आपल्या आगीनेच तप्त राही. इंजिनाचा खरा जनक कोण, यावरून दोन्ही पक्षांत पुढे बरीच वर्षे वाद झाला. डिझेल यांचा भर दाबावर होता, बाहेरून दिलेल्या ज्योतीवर नव्हता. आणि काटकसरीत त्यांचे इंजिन नि:संशय सरस होते. पण लहान इंजिनाला सुरुवातीला थोडी उसनी ऊब लागते, हे तप्त गोळ्याने आधीच दाखवून दिले होते.

'ड्रेस्डेन'वरील रात्र

लहान इंजिनाचा हा प्रश्न सुटण्याआधीच डिझेल यांचे आयुष्य संपले. म्यूनिकमधील आलिशान घर, तेलविहिरी आणि जमिनींच्या व्यवहारांत आलेली खोट, कोर्टकचेऱ्या यांत संपत्ती विरून गेली. बाहेर कीर्ती होती आणि घरात कर्ज होते. ही गोष्ट त्यांनी कुटुंबीयांपासूनही बरीच लपविली. १९१३ मध्ये इंजिनाच्या जन्माची हकिगत सांगणारे त्यांचे पुस्तक आले. त्यावरही टीकेचा भडिमार झाला.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी संध्याकाळी ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' या बोटीवर चढले. लंडनमध्ये त्यांच्या इंजिनांच्या ब्रिटिश कंपनीची बैठक होती. दोघा सहकाऱ्यांबरोबर जेवण झाले. रात्री दहाच्या सुमारास, सकाळी सव्वासहाला उठवावे असे सांगून ते आपल्या खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती. अंथरुणावर कोणी निजलेले नव्हते. त्यांची टोपी आणि घडी घातलेला ओव्हरकोट डेकच्या कठड्यापाशी आढळला. दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा समुद्राच्या स्वाधीन केला. त्या वस्तू मुलगा ऑयगेन याने ओळखल्या.

निघण्यापूर्वी डिझेल यांनी पत्नीकडे एक पिशवी देऊन ती आठवड्यानंतर उघडण्यास सांगितले होते. तीत २० हजार मार्क आणि बँकेतील खाती जवळपास रिकामी असल्याचे दाखविणारे कागद निघाले. रोजनिशीत त्या तारखेपुढे एक फुली होती. पुढे घातपाताच्या अनेक कथा रंगल्या. त्यांना आधार देणारा ठोस पुरावा कधीच पुढे आला नाही. बहुतेक चरित्रकारांचा कल आत्महत्येकडेच आहे. मृत्यूसमयी त्यांचे वय ५५ होते.

तापलेली तार

डिझेल यांचे इंजिन मोटारीत बसविण्याचे काम इतरांनी केले. मानहाइमच्या बेन्झ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्येच पूर्वदहन कक्षाचे पेटंट घेतले होते. मुख्य सिलिंडरला जोडलेल्या या छोट्या कप्प्यात इंधन फवारले जाते. तेथे त्याचा काही भाग पेटतो आणि त्या दाबाने उरलेले जळते इंधन मुख्य सिलिंडरमध्ये फेकले जाते. त्यामुळे अवजड कॉम्प्रेसरची गरज संपली. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये इंधन फवारणारा पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला. इंजिन हलके झाले, वेगाने फिरू लागले.

पण छोट्या कप्प्याला पृष्ठभाग जास्त आणि म्हणून उष्णतेची गळतीही जास्त. कॉम्प्रेसर गेला, थंडी मात्र अधिकच बोचू लागली. यावर तोडगा निघाला तो ग्लो प्लगचा. कप्प्यात जाड तारेचे एक वेटोळे सोडायचे, त्यातून बॅटरीचा प्रवाह वाहू द्यायचा आणि ते तापून लाल झाले की स्टार्टर फिरवायचा. १९३६ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेन्झने '२६० डी' ही डिझेल मोटार मांडली. चार सिलिंडर, ४५ अश्वशक्ती, पूर्वदहन कक्ष आणि ग्लो प्लग. १९४० पर्यंत अशा सुमारे दोन हजार मोटारी तयार झाल्या आणि त्यांतील बऱ्याच टॅक्सी म्हणून धावल्या. डिझेल यांच्या मृत्यूला तेव्हा २२ वर्षे होऊन गेली होती.

ग्लो प्लग आणि स्पार्क प्लग यांची गल्लत पुष्कळदा होते. स्पार्क प्लग इंजिन चालू असेपर्यंत प्रत्येक वेळी ठिणगी पाडतो. ग्लो प्लग ठिणगी पाडीत नाही आणि सगळी हवाही तापवीत नाही. इंधनाच्या फवाऱ्याच्या कडेला तो एक तप्त बिंदू उभा करतो. फवाऱ्यातील काही थेंब तेथे वाफ होऊन पेटतात आणि ती आग पुढे सरकते. इंजिन तापले की त्याची गरज संपते. पुढे डिझेल यांचे तत्त्वच राज्य करते.

सुरुवातीच्या मोटारींत सगळे प्लग एकाच माळेत जोडलेले असत. एकाची तार तुटली की दिवाळीच्या जुन्या माळेप्रमाणे सगळेच विझत. तापायलाही बराच वेळ लागे आणि चालक डॅशबोर्डवरील छोटी तार लाल होण्याची वाट पाहत बसे. नंतर धातूच्या नळीत बंद केलेली कांडी आली. नळीत विद्युतरोधक भुकटी ठासलेली असते, आत एक वेटोळे तापविण्याचे आणि दुसरे आवर घालण्याचे. दुसऱ्या वेटोळ्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. त्यामुळे कांडी तापताच प्रवाह आपोआप कमी होतो आणि ती जळून जात नाही. प्रत्येक प्लगला स्वतंत्र वीज मिळत असल्याने एक निकामी झाला तर तेवढाच सिलिंडर आढेवेढे घेतो. अलीकडच्या सिरॅमिक कांड्या दोन-तीन सेकंदांत हजार अंशांच्या घरात जातात.

डॅशबोर्डवरचे पिवळे चिन्ह विझले म्हणजे प्लगही विझले, असे नाही. स्टार्टर फिरत असताना ते तापलेलेच राहतात आणि बऱ्याच मोटारींत इंजिन सुरू झाल्यावरही काही काळ चालू ठेवले जातात. त्याने खडखड आणि पांढरा धूर कमी होतो. १९८९ च्या ऑडी टीडीआयनंतर मोटारींत थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारण्याची पद्धत रूढ झाली, पूर्वदहन कक्ष मागे पडले आणि उष्णतेची गळती घटली. पण विषारी वायू कमी करण्यासाठी पुढे हवेचा दाबच थोडा उतरविण्यात आला आणि ग्लो प्लगचे महत्त्व टिकून राहिले.

स्वप्नाची परतफेड

छोट्या माणसासाठी छोटे इंजिन हे डिझेल यांचे स्वप्न उशिरा का होईना, पुरे झाले. जपानमधील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या मागोकिची यामाओका यांच्या यानमार कंपनीने १९३३ मध्ये लहान डिझेल इंजिन तयार केले. याच यामाओकांनी १९५७ मध्ये ऑग्सबर्गच्या उद्यानात डिझेल यांच्या स्मरणार्थ जपानी पद्धतीची पाषाणबाग उभारून दिली. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि महाराष्ट्रातील विहिरींवर, उसाच्या चरकांवर, पिठाच्या गिरण्यांत डिझेल इंजिनाची धडधड ऐकू येऊ लागली. या एका सिलिंडरच्या इंजिनात हीटर प्लग नसतो. खटका उघडून आतील दाब मोकळा करायचा, हँडल मारून जड चाकाला वेग द्यायचा आणि ऐन वेळी खटका सोडायचा. वेगात आलेले चाक दट्ट्याला झटक्यात दाबते आणि हवेला निवायला सवडच मिळत नाही. थंडीवर मात करण्याची ही दुसरी तऱ्हा आहे. कुठे तापलेली तार, कुठे शेतकऱ्याच्या दंडातील बळ.

आज डिझेलच्या मोटारींचे दिवस फिरले आहेत. प्रदूषणाचे नियम कडक झाले. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या धूरचाचणीतील लबाडी अमेरिकेत उघडकीस आली आणि या इंधनाची पत घसरली. अनेक कंपन्यांनी लहान डिझेल मोटारी बंद केल्या. तरीही मालमोटारी, जहाजे, ट्रॅक्टर आणि जनित्रे यांचा मोठा भार अजूनही त्याच तत्त्वावर उभा आहे. १८९७ च्या चाचणीतील इंजिन म्यूनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये जपून ठेवले आहे.

ठिणगीविना आग पेटविता येते, हे डिझेल यांनी सिद्ध केले. त्या आगीला थंडीत सुरुवातीची थोडी ऊब लागते, हे इतरांनी ओळखले आणि ती पुरविली. कर्जाच्या काळात स्वतः डिझेल यांनी अशी मदत कोणाकडे मागितली नाही. आपली अडचण त्यांनी पत्नीलाही सांगितली नाही. त्यांनी निर्माण केलेले यंत्र मात्र प्रत्येक थंड पहाटे काही क्षण ती उसनी ऊब घेते आणि मग दिवसभर आपल्याच बळावर चालते.